कारखान्यातला एमसीबी आणि विमानातला ब्रेकर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) काय किंवा होटगी रोडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानातला सर्किट ब्रेकर काय, दोघंही वायर पेटण्याआधी प्रवाह तोडतात. राखतात ते वायरला, यंत्राला नाही. मागाची दोन अँपिअरची मोटर जाम झाली की साधारण सहापट, म्हणजे १२ अँपिअर ओढते. १६ चा एमसीबी जागचा हलत नाही आणि वाइंडिंग जळतं. तिथे मोटरच्याच प्रवाहाला जुळवलेला ओव्हरलोड रिले हवा. विमानातही ब्रेकर ठरतो तो वायरवरून: २० गेजला साडेसात अँपिअर, १८ गेजला दहा (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक).

एमसीबीत ओव्हरलोडसाठी दोन धातूंची, तापली की वाकून एमसीबी पाडणारी पट्टी असते आणि शॉर्टसाठी कॉइल. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान क्षणात पडतो. पट्टीचं गणित मात्र ३० अंश तापमानाला बसवलेलं. मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद पॅनेलमध्ये ती आधीच तापलेली असते, म्हणून एमसीबी लवकर पडतो. अशा वेळी वरच्या अँपिअरचा बसवू नका, वायर तीच आहे! आधी टर्मिनलचे ढिले स्क्रू आवळा, पॅनेलला हवा द्या.

छोट्या विमानातल्या ब्रेकरमध्ये बहुधा नुसती पट्टीच असते. तो पडला की बटण बाहेर येतं आणि त्याचा पांढरा पट्टा दिसतो. तिथली वीज बऱ्याचदा २८ व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. आपली ५० हर्ट्झची एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तुटताना उडालेली ठिणगी विझते. डीसीला ती सवलत नाही. (छतावरच्या सोलरच्या डीसी बाजूला साधा एसी एमसीबी लावणं म्हणूनच धोक्याचं.)

खरा फरक बटण पुन्हा दाबण्यात आहे. कारखान्यात लोड काढून, वायर तपासून एमसीबी उचलता येतो. उडत्या विमानात पडलेला ब्रेकर तसाच ठेवतात. सुरक्षित उड्डाणाला ते उपकरण लागणारच असेल, तर थंड होऊ देऊन एकदाच दाबतात. कारण घासलेल्या वायरमधून थांबून थांबून उडणारी ठिणगी प्रचंड तापते, पण सरासरी प्रवाह कमी असल्याने पट्टीला तिचा पत्ताच लागत नाही. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ या विमानात बहुधा अशाच ठिणगीने छतामागचं इन्सुलेशन पेटलं आणि २२९ जण गेले. विमान उतरल्यावर पडलेल्या ब्रेकरची नोंद होते. मग इंजिनिअर पॅनेलमागची वायर क्लॅम्पपाशी, वळणापाशी, जिथे ती घासते तिथे तपासतो.