ठिपकेदार अंडी आणि कवचाच्या रंगाची आनुवंशिकता

कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर मूळ रंगापेक्षा गडद तपकिरी ठिपके किंवा डाग असले, तर त्याला ठिपकेदार अंडे म्हणतात. नेदरलँड्समधील वेल्सुमर आणि फ्रान्समधील मारान्स या जाती अशा अंड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पण परसातल्या मिश्र वाणाच्या कोंबड्यांतही ठिपकेदार अंडी घालणारी एखादी निघते. कवचाचा मूळ रंग आईबापांकडून येतो आणि त्याचा बराचसा हिशोब मांडता येतो. ठिपक्यांचा मांडता येत नाही, आणि पाळणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे मुळात पांढरेच. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात, आणि त्यांतले जवळजवळ २० तास अंडे कवचग्रंथीत असते. रंग तिथेच चढतो. रंगद्रव्ये दोनच : तपकिरी छटा देणारे प्रोटोपॉर्फिरिन आणि निळसर हिरवे बिलिव्हर्डिन. निळा रंग कवचाच्या सगळ्या जाडीत मुरतो. तपकिरी मुख्यतः शेवटच्या काही तासांत बाहेरच्या थरांवर बसतो. फोडलेले कवच उलटून पाहिले की हे लगेच दिसते. तपकिरी अंडे आतून पांढरट असते, निळे आतूनही निळे. हिरवे अंडे म्हणजे निळ्या कवचावर चढलेला तपकिरी लेप, त्यामुळे तेही आतून निळेच निघते.

निळ्या रंगाचा वारसा सोपा आहे. तो एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्ये दाखवले. या जनुकाची एक प्रत मिळाली तरी कवच निळे होते. त्यामागचे कारण २०१३ मध्ये उलगडले : एका प्राचीन विषाणूचा तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात शिरून बसला आहे आणि त्यामुळे शेजारचे एक जनुक कवचग्रंथीत जोमाने काम करू लागते. दक्षिण अमेरिकेतील आणि चीनमधील निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांत ही घुसखोरी स्वतंत्रपणे झालेली आहे.

तपकिरी रंग मात्र अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. पांढरी अंडी घालणारी लेगहॉर्न आणि गडद तपकिरी अंडी घालणारी मारान्स यांच्या संकरातल्या तलंगा (नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या) बहुधा मधल्या छटेची अंडी घालतात. ठरलेल्या प्रमाणात पांढरी आणि तपकिरी अशी वाटणी होत नाही. शुद्ध निळ्या अंड्यांच्या वाणाचा कोंबडा मारान्स कोंबडीला दिला, तर माद्या पिल्ले पुढे शेवाळी हिरवी अंडी घालतात. पण याच तलंगांना तपकिरी अंड्यांच्या वाणाचा कोंबडा दिला, की पुढच्या पिढीत सरासरी निम्म्यांची अंडी हिरवी आणि निम्म्यांची तपकिरी.

ठिपके म्हणजे एकसारखे न पसरता जागोजागी साचलेले प्रोटोपॉर्फिरिनच. मारान्सच्या ताज्या, ओलसर अंड्यावर बोट फिरवले तर डाग फिसकटतो, कधी पुसलाही जातो, इतका तो वरवरचा असतो. बोटाला खरखरीत लागणारे पांढरट दाणे वेगळे. ते जादा साचलेल्या कॅल्शियमचे असतात आणि वारशाच्या चर्चेत त्यांना जागा नाही. ठिपक्यांची ठेवण पुष्कळदा कोंबडीगणिक ओळखता येते : एकीचे बारीक शिंतोडे, तर दुसरीचे बोथट टोकाशी गर्दी केलेले मोठे डाग. पाळणारे त्यावरून अंडे कोणाचे ते सांगतात. म्हणजे कोंबडीच्या घडणीचा यात वाटा आहे; पण ‘ठिपक्यांचे जनुक’ म्हणून एकच बोट दाखवावे असे काही नाही. गडद ठिपक्यांची अंडी निवडून उबवत गेले, तर पिढ्यान्‌पिढ्या ठिपक्यांचे प्रमाण वाढवता येते. एका संकरात त्याची हमी कोणी देत असेल, तर विश्वास ठेवू नये.

रंगाची गडदता एकाच कोंबडीतही बदलते. अंडी घालण्याचा हंगाम लांबत जातो तसा तपकिरी रंग फिकटतो आणि पिसे झडून नवी आल्यावर पुन्हा गडद होतो. घाबरलेल्या कोंबडीने अंडे रोखून धरले, तर त्यावर कॅल्शियमचा जादा थर चढून ते भुरकट दिसते. श्वसननलिकेच्या संसर्गजन्य दाहातही रंग उडतो. या बदलांत मूळ रंग बदलत नाही : निळी अंडी घालणारी कोंबडी कोणत्याही खाद्याने तपकिरी अंडी घालू लागणार नाही. चवीचा आणि पोषणाचाही कवचाच्या रंगाशी संबंध नाही.

निवडीत खरी अडचण कोंबड्याची. निम्मा वारसा त्याच्याकडून येतो, पण त्याचे अंडे पाहायची सोय नाही. निळ्या रंगाचे जनुक वाटाणा-तुऱ्याच्या (बुटक्या, तीन ओळींच्या तुऱ्याच्या) जनुकाजवळच असल्यामुळे काही वाणांत तुरा पाहून अंदाज बांधतात. दोन्ही जनुके अधूनमधून वेगळी होतात, त्यामुळे हा अंदाज चुकतोही. परसात करता येणारी पक्की परीक्षा अशी : त्याला पांढरी अंडी घालणाऱ्या कोंबड्या द्याव्यात आणि त्याच्या लेकी अंड्यावर येईपर्यंत थांबावे. त्यांतल्या एकीनेही पांढरे अंडे घातले, तर त्याच्याकडे निळ्या जनुकाच्या दोन प्रती नाहीत, हे नक्की.