खतातलं गांडूळ आणि बिळातलं गांडूळ

गळाला लावायचं म्हटलं की ‘कुठलंही गांडूळ चालतं’ असं बरेच जण सांगतात. तसं नाही. आमिषासाठी सर्रास वापरली जाणारी दोन गांडुळं, खतातलं लाल (आयसेनिया फेटिडा) आणि बिळातलं मोठं (लुंब्रिकस टेरेस्ट्रिस), वरवर सारखी दिसली तरी त्यांची राहणी पार वेगळी आहे.

लाल गांडूळ बोटभर लांब, अंगावर पिवळट पट्टे. ते मातीत खोल शिरत नाही; कुजकं शेण नि पालापाचोळा हेच त्याचं घर. दाटीवाटी आणि ऊब त्याला सोसते, एका कोषातून बहुधा एकापेक्षा जास्त पिल्लं निघतात. म्हणून गांडूळखताला हेच घ्यावं. गळ टोचताच ते पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतं आणि तो वास बोटांना चिकटून राहतो. छोट्या माशांसाठी मात्र त्याची वळवळ उत्तम.

मोठं गांडूळ वीतभर किंवा त्याहून लांब. त्याचं उभं, कायमचं बीळ दोन मीटरपर्यंतही खोल जातं. ओल्या रात्री शेपूट बिळातच ठेवून ते पुढचा भाग बाहेर काढतं, आसपास चाचपतं आणि पान तोंडात धरून आत ओढतं. पान बहुतेकदा निमुळत्या टोकाकडून ओढलं जातं, म्हणजे ते बिळात अडकत नाही. डार्विननं गांडुळांवरच्या १८८१च्या पुस्तकात हे बारकाईनं नोंदवलंय. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. अशा वेळी त्याला पकडून हिसका देऊ नये. अंगावरचे बारीक, ताठ केस बिळाच्या भिंतीत रुततात आणि गांडूळ तुटतं. तुटलेल्या तुकड्यांची दोन गांडुळं होतात, हाही गैरसमजच. हलका ताण धरून थांबलं की पकड सैल होते. मोठ्या माशांना हे अख्खं लावावं, छोट्यांना तुकडे करून. याला गारवा लागतो. उन्हात तापलेल्या डब्यात लाल गांडूळ तग धरेल, हे मरेल.

खरी काळजी उरलेल्या आमिषाची. उत्तर अमेरिकेचा जो भाग हिमयुगात बर्फाखाली होता, तिथल्या जंगलांत मूळची गांडुळं जवळपास नव्हतीच. बाहेरून आलेली गांडुळं तिथं पसरली, त्यात मासेमारांनी टाकलेल्या आमिषाचाही हात आहे. पानांचा जाड थर ती फस्त करतात आणि त्या थरात रुजणारी रोपं उघडी पडतात. म्हणून उरलेली गांडुळं काठावर ओतू नका. डब्यात लाल गांडुळं असली तरी नको, त्यांच्यात दुसरी जात मिसळलेली असू शकते.