रस्ता फोडायच्या आधी पाइपात कॅमेरा सोडा

मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेल्या ड्रेनेज पाइपांचे सांधे दरवर्षी थोडे थोडे हलतात. फट पडली की पिंपळाची मुळं ओलाव्यामागे आत शिरतात. पावसात बाहेरचं पाणी माती घेऊन पाइपात येतं, वर पोकळी तयार होते आणि एक दिवस रस्ता खचतो.

लाईन आधी जेटिंग मशीनने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, धुवायची, मग कॅमेरा सोडायचा. पाहायचं ते असं: पाइपाचा गोल आकार टिकलाय का, उतार शाबूत आहे का, आणि घरांचे जोड मॅनहोलपासून नेमके किती मीटरवर आहेत.

आकार शाबूत असून नुसत्या चिरा आणि उघडे सांधे असतील तर आतून अस्तर. ही पद्धत 1971 मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली गेली. रेझिनमध्ये (उष्णतेने कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली फेल्टची, म्हणजे जाड लोकरीसारख्या कापडाची, नळी पाण्याच्या दाबाने, उशीची खोळ उलटी करावी तशी, पाइपात उलटवत नेतात. मग गरम पाणी किंवा वाफ सोडून ती कडक करतात. घरांची तोंडं यात झाकली जातात; ती नोंदलेल्या मीटरवर रोबोट कटरने पुन्हा उघडायची. एक नोंद राहिली तर त्या घराचा संडास तुंबलाच म्हणून समजा.

मे महिन्यात आपल्याकडे या कामाची खरी परीक्षा होते. 42 अंशांत रेझिन गाडीतच घट्ट व्हायला लागतं, म्हणून भिजवलेली नळी बर्फात ठेवून आणायची आणि काम रात्री काढायचं. जोराची गळती आधी बंद करायची. नाहीतर गार पाणी रेझिन धुऊन नेतं आणि तिथलं अस्तर कच्चं राहतं.

पाइप अरुंद होईल ही भीती फारशी खरी नाही. 300 मिलिमीटरच्या पाइपात 6 मिलिमीटरचं अस्तर घातलं की आतला व्यास 288 उरतो, पण खरबरीत सिमेंटपेक्षा गुळगुळीत अस्तरावरून पाणी जास्तच वाहून जातं. त्याच पाइपात 250 चा तयार पाइप सरकवला, तर मात्र वहनक्षमता जवळपास निम्म्यावर येते.

लाईन मध्येच खाली बसून तिला पोट पडलं असेल तर अस्तरही तेच पोट घेतं आणि घाण तिथेच साचत राहते. तेवढा तुकडा सरळ खोदून बदलावा.

पाइप पार कोसळायला आला असेल किंवा मोठा हवा असेल तर जुना आतून फोडत मागून नवा एचडीपीई (मजबूत प्लास्टिकचा) पाइप ओढतात. मुरमात हे जमतं. बेसॉल्ट फोडून काढलेल्या अरुंद चरात तुकड्यांना सरकायला जागाच नसते, शेजारी नळाची लाईन असेल तर तीही धोक्यात येते. शिवाय प्रत्येक घराच्या जोडासाठी खड्डा खणावा लागतो, त्यामुळे दाट वस्तीच्या गल्लीत खोदकाम फारसं वाचत नाही.

बिल देण्याआधी कॅमेरा पुन्हा फिरवावा. मॅनहोलपाशी अस्तराचं टोक पाण्याने फुगणाऱ्या रबरी रिंगने बंद केलंय का, हे हात लावून बघा. रिंग नसेल तर पावसाचं पाणी जुना पाइप आणि अस्तर यांच्या मधून वाट काढतं.