चर्चमधील मध्याह्नरेषा

चर्चच्या छताला किंवा उंच भिंतीला पाडलेल्या भोकातून आत येणारा सूर्याचा कवडसा खऱ्या मध्यान्ही, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असताना, जिच्यावरून ओलांडतो, अशी फरशीत बसवलेली दक्षिणोत्तर पट्टी. सोळाव्या ते अठराव्या शतकांत इटली-फ्रान्समधील काही मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये अशा रेषा आखल्या गेल्या. धर्मसंस्था आणि विज्ञान यांची गोष्ट निघाली की पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडल्याबद्दल गॅलिलिओवर चाललेला १६३३ चा खटला आठवतो. तो अन्याय होताच. पण त्याच संस्थेच्या छताखाली सूर्याची इतकी काटेकोर मोजणी चालली होती, हेही तितकेच खरे.

गरज सणाची होती. ईस्टर हा ख्रिस्ती सण येतो वसंतसंपातानंतरच्या (मार्चमधल्या समान दिवस-रात्रीनंतरच्या) पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. सूर्य-चंद्राचा मेळ घालण्याची ही अडचण पंचांग पाहणाऱ्यांना परकी वाटणार नाही. तेव्हाच्या जुलियन कॅलेंडरचे वर्ष खऱ्या वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चच्या १० दिवस आधी येऊ लागला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर ही तारीख धरायला लावली. पण वर्षाची लांबी नेमकी किती, हे तपासत राहणे भाग होते.

त्यासाठी अंधारी, उंच आणि शतकानुशतके न हलणारी वास्तू हवी. चर्च म्हणजे नेमके तेच. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना कवडसा भोकाच्या जवळ पडतो, हिवाळ्यात लांब जातो. तो संपाताच्या खुणेवर पुन्हा कधी येतो, यावरून वर्ष मोजता येते.

इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये डॉमिनिकन साधू इन्यात्सियो दांती यांनी आखलेली रेषा बांधकाम वाढवताना निकामी झाली. तेव्हा १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी यांनी नवी आखली. भोक २७ मीटर उंचीवर, रेषा सुमारे ६७ मीटर लांब, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा सहा लाखावा भाग. खांबांच्या दाटीतून ती सरळ काढणे हेच मोठे कौशल्य होते. कवडसा किती मोठा पडतो यावरून सूर्याचे अंतर कळते; ते वर्षभर मोजून कॅसिनींनी एक जुना वाद तपासला. सूर्याची गती कमी-जास्त होते ती केवळ अंतर बदलल्यामुळे तशी भासते, असे जुने मत. त्यातला निम्माच भाग भास, उरलेला बदल खरा, असे खगोलशास्त्रज्ञ केप्लरचे म्हणणे. मोजमापे केप्लरच्या बाजूने पडली. पृथ्वी फिरते हे यातून सिद्ध होत नव्हते. म्हणूनच कदाचित हा निष्कर्ष पोपच्या राज्यात असलेल्या बोलोन्यातही निर्धास्तपणे मांडता आला.

फ्लॉरेन्सचे कॅथीड्रल, पॅरिसचे सँ-सुल्पिस, मिलान व पालेर्मो येथील कॅथीड्रल इथेही अशा रेषा आहेत. रोमच्या सांता मारिया देल्यी आंजेली चर्चमध्ये फ्रांचेस्को बियांकिनी यांनी १७०२ मध्ये आखलेल्या रेषेवरून १८४६ पर्यंत शहरातली घड्याळे लावली जात.