दारूच्या केसमध्ये ‘आधी कबूल, मग अपील’ चालत नाही
“गुन्हा कबूल कर, दंड भर, अपिलाचं नंतर बघू.” कोर्टाच्या आवारात वर्षानुवर्षं मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे, आणि गरिबाला फार महागात पडतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली विनापरवाना दारू बाळगल्याचं मॅजिस्ट्रेटपुढे कबूल केलंत, की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील उरत नाही. शिक्षा जास्त किंवा बेकायदेशीर आहे, एवढंच सत्र न्यायालयात मांडता येतं.

खटला लढवून शिक्षा झाली, तर (अगदी किरकोळ दंड सोडून) ३० दिवसांत अपील करता येतं. तिथे पंचनामा, बाटलीवरचं सील, प्रयोगशाळेत गेलेला नमुना, पंचांची उलटतपासणी, सगळं पुन्हा तपासलं जातं. वकील परवडत नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पात्र व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो.