दहा नॅनोग्रॅमचा नियम आणि कवचात शिरलेला डीएनए

ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती आणि ती बाटली मुंबईहून, परळच्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून गेली होती. बाटली तिथे गावात उघडताना दूषित झाली असावी, दोष प्रयोगशाळेचा नव्हे, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. तो जंतू बाहेरून आला होता. जीन थेरपीच्या (पेशींत जनुक पोहोचवणाऱ्या उपचाराच्या) औषधातला नकोसा डीएनए मात्र बाहेरून येत नाही. औषध ज्या पेशींत आणि ज्या प्लाझ्मिडांपासून (जिवाणूंत वाढवलेल्या डीएनएच्या कड्यांपासून) तयार होतं, त्यांचाच तो उरलासुरला भाग असतो. त्यामुळे निर्जंतुक खोली कितीही चोख असली तरी तो राहतोच.

या डीएनएवर मर्यादा घातली ती लसींच्या काळात. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेल्या पोलिओ लशीत एसव्ही४० हा विषाणू १९६०मध्ये सापडला, तेव्हापासून पेशींसोबत आणखी काय येतं हा प्रश्न कुणाला टाळता आला नाही. अमर, म्हणजे अखंड वाढत राहणाऱ्या, पेशी वापरायची वेळ आली तेव्हा त्यांचा डीएनए माणसात गाठ निर्माण करील, ही भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं १९८६मध्ये एका डोसात १०० पिकोग्रॅम ही मर्यादा सुचवली. १९९०च्या दशकात ती शंभरपट सैल होऊन १० नॅनोग्रॅम झाली. अमेरिकेच्या एफडीएची आणखी एक अपेक्षा असते: उरलेले तुकडे साधारण २०० बेसजोड्यांपेक्षा लहान हवेत, म्हणजे त्यात अख्खं जनुक मावणार नाही. या नियमामागचं गृहीतक साधं आहे. डीएनए द्रावणात मोकळा तरंगतो, न्यूक्लिएझ हे डीएनए कापणारं एन्झाइम घातलं की चिरला जातो.

विषाणूवाहकांनी, म्हणजे जनुक पेशीत पोहोचवायला वापरलेल्या विषाणूंनी, हे गृहीतक मोडलं. पहिला इशारा रेट्रोव्हायरसनं दिला. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतःहून वाढू शकणाऱ्या विषाणूनं दूषित झालेला वाहक वापरलेल्या १० माकडांपैकी ३ माकडांना लिम्फोमा झाला. १९९९मध्ये जीन थेरपीच्या चाचणीत झालेला जेसी गेल्सिंगर याचा मृत्यू आणि पॅरिसच्या एससीआयडी (जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव) चाचणीतला ल्युकेमिया यांची चर्चा जास्त होते, पण ते वेगळे धडे आहेत. पहिल्यात प्रतिकारशक्तीचा उद्रेक झाला, दुसऱ्यात वाहक एलएमओ२ या कर्करोग घडवू शकणाऱ्या जनुकाजवळ जाऊन बसला. अशुद्धीचा खरा धडा त्या माकडांचा.

ॲडिनोव्हायरसची अडचण तो वाहक ज्यांत वाढवतात त्या २९३ नावाच्या मानवी पेशींतच दडलेली होती. फ्रँक ग्रॅहम यांनी १९७३मध्ये लायडेनला तयार केलेल्या या पेशींत ॲडिनोव्हायरस ५चा ई१ हा वाढीसाठी लागणारा भाग बसलेला आहे. वाहकातून ई१ काढून टाकलं तरी पेशीतल्या ई१शी त्याची अदलाबदल होते आणि वाढणारा विषाणू परत तयार होतो. म्हणून ३ हजार कोटी कणांत असा एकापेक्षा कमी विषाणू, अशी अट आली.

आज खरा पेच एएव्ही (ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस) या छोट्या वाहकाचा आहे. साधारण २५ नॅनोमीटरचं कवच, आत ४.७ हजार बेसेसची जागा. २९३ पेशींत तीन प्लाझ्मिडं सोडतात: एकावर दोन आयटीआरच्या (विषाणूच्या डीएनएच्या टोकांच्या) मध्ये हवं ते जनुक, दुसऱ्यावर रेप (डीएनएच्या प्रती करणारं) आणि कॅप (कवच बनवणारं) ही जनुकं, तिसऱ्यावर ॲडिनोव्हायरसची मदतनीस जनुकं. ४८ ते ७२ तासांनी पेशी फोडतात. रेप प्रथिन आयटीआरपासून डीएनए कवचात ओढायला लागतं, पण कधी कधी उलट्या दिशेनं. मग जनुकाऐवजी प्लाझ्मिडचा कणा, म्हणजे आयटीआरबाहेरचा उरलेला भाग, आत जातो, त्यातलं प्रतिजैविक-रोधक जनुकही जातं. आयटीआरशी संबंध नसलेले यजमान पेशीचे तुकडेही थोड्या प्रमाणात शिरतात. एकदा कवचात गेलं की न्यूक्लिएझ तिथे पोहोचत नाही.

हिशोब करून पाहा. झोल्गेन्स्मा या एएव्ही औषधाचा डोस वजनाच्या किलोमागे ११० लाख कोटी जीनोम, म्हणजे जनुक भरलेले कण. १० किलोच्या बाळाला १,१०० लाख कोटी. त्यातल्या १ टक्का कणांत चुकीचा डीएनए पूर्ण लांबीनं भरलेला धरला, तर तो साधारण २८ मायक्रोग्रॅम होतो. १० नॅनोग्रॅमच्या २,८०० पट! म्हणून एएव्हीवाल्याला लसीचा आकडा गाठता येत नाही. २०२०च्या मार्गदर्शक सूचनेत एफडीएनंही मान्य केलं की एएव्ही बराच नकोसा डीएनए कवचात भरतो.

उपाय उगमापाशीच करावे लागतात. प्लाझ्मिडचा कणा ५ हजार बेसेसपेक्षा लांब केला की तो अख्खा मावत नाही, उलटं भरणं घटतं. ॲम्पिसिलिनऐवजी कॅनामायसिनचं जनुक घेतात, कारण पेनिसिलिनवर्गाची ॲलर्जी कुणालाही असू शकते. कवचाबाहेरच्या डीएनएसाठी बेन्झोनेझ हे न्यूक्लिएझ लागतं, त्याला १ ते २ मिलिमोलर मॅग्नेशियम हवं. मीठ वाढलं की ते मंदावतं. म्हणून आधी एन्झाइम, मग कणांचे गोळे सुटायला मीठ. क्रम उलटला की डीएनए चिकटलेलाच राहतो आणि पुढच्या शुद्धीकरणाच्या कॉलमवर गोंधळ घालतो.

मोजणीतही फसगत होते. नमुन्याला आधी डीएनेझ (बाहेरचा डीएनए कापायला), मग ते निष्क्रिय करून प्रोटिनेझ-के (कवच फोडायला), मग डिजिटल पीसीआर (डीएनएच्या प्रती मोजायला). पहिली पायरी अर्धवट राहिली तर बाहेरचा डीएनए आतला म्हणून मोजला जातो. शिवाय एकाच ठिकाणचा प्रायमर (मोजायचा भाग हेरणारा डीएनएचा तुकडा) पुरत नाही: आयटीआरजवळचा कणा दूरच्या कण्यापेक्षा जास्त सापडतो. कॅनामायसिनचं जनुक आणि ई१चे ई१ए, ई१बी हे भाग वेगवेगळे मोजावेत. तुकडे सलग आहेत की सुटे, हे लांब तुकडे एकसलग वाचणाऱ्या लाँग-रीड सीक्वेन्सिंगनंच कळतं.

मुंबईत हा विषय दूरचा राहिलेला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, आणि त्यात लेंटिव्हायरस वाहक आहे. इथे वाहक शरीरात टोचत नाहीत. टी-पेशींत जनुक शरीराबाहेर घालतात, नंतर पेशी धुतात, त्यामुळे अशुद्धीचा बराच भाग वाटेतच गळतो. पण लेंटिव्हायरस सहसा २९३टी पेशींत बनतो आणि त्यांत एसव्ही४०चं लार्ज-टी हे गाठ घडवू शकणारं जनुक असतं. १९६०चा पाहुणा इथे असा पुन्हा भेटतो. ट्रान्सफेक्शनमधून (पेशींत प्लाझ्मिड सोडण्यातून) उरलेलं प्लाझ्मिड पीसीआरमध्ये मिसळलं की टायटर, म्हणजे विषाणूची मोजलेली संख्या, खोटाच फुगतो. मग पेशींना कमी विषाणू मिळतो आणि हवं तितकं जनुक बसत नाही.

आयसीएमआरच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनी देशातल्या जीन थेरपीसाठी चौकट आखली. अर्ज करणाऱ्यानं मात्र १० नॅनोग्रॅमखाली 'उत्तीर्ण' एवढंच लिहून थांबू नये. कवचाबाहेर किती, कवचात किती आणि त्यात ई१ए किंवा लार्ज-टी अखंड आहे का, हे तीन आकडे बॅचगणिक वेगळे द्यावेत.