पिपाणी की भोंगा?

कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ. १८२३ साली थॉमस से यांनी त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ‘कॅनिस लॅट्रान्स’, अर्थात भुंकणारा कुत्रा. अमेरिकेतले शिकारी त्याच्यामागे फारसे धावत नाहीत, त्याला बोलावतात. झुडपाआड दबा धरायचा आणि जखमी सशाची किंकाळी काढायची. आयतं जेवण मिळेल म्हणून तो आपणहून येतो. किंकाळी तोंडाने वाजवायच्या ‘कॉल’मधून, म्हणजे पिपाणीतून काढावी की रिमोटवर चालणाऱ्या स्पीकरमधून, हा तिथला जुना वाद.

तोंडाच्या कॉलचे मुख्य प्रकार दोन. ‘क्लोज्ड रीड’मध्ये पत्ती नळीच्या आत बंद असते. पेटीच्या पट्टीसारखा तिचा सूर जवळपास ठरलेला. फुंकलं की वाजली. नवशिक्याला सोपी, पण कडाक्याच्या थंडीत श्वासातली वाफ पत्तीवर गोठते आणि आवाज बसतो. ‘ओपन रीड’ची पत्ती उघडी असते, ओठांनी किंवा दातांनी दाबायची. इथे वादकाची अवस्था सनईवाल्यासारखी. दाब जरा सरकला की सूर चढतो किंवा उतरतो, त्यामुळे एकाच कॉलमधून ससाही ओरडतो आणि कोयोटचं पिल्लूही. शिकायला मात्र वेळ लागतो, आणि सुरुवातीचा आवाज घरच्यांनी सहन करावा असा नसतो.

पण हुबेहूब ससा वाजायलाच हवा का? २०१४ मध्ये सुझन लिंगल आणि टोबायस रिडी या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या हरिणींना त्यांनी सील, मार्मोट (जमिनीवर राहणारी मोठी खार), मांजर आणि माणसाच्या बाळांचे आक्रोश स्पीकरवर ऐकवले. सुराची उंची हरणाच्या पाडसाच्या पट्टीत असली की आया स्पीकरकडे धावत येत. हरिणी म्हणजे कोयोट नव्हेत, त्यांची ओढ मायेची आणि याची भुकेची. तरी सस्तन प्राण्यांच्या आक्रोशात एक सामाईक ढाचा असतो, एवढं त्यातून दिसतं. ओबडधोबड फुंकलेली पिपाणीही काम करून जाते, त्यात मला म्हणूनच नवल वाटत नाही.

स्पीकरमध्ये खऱ्या प्राण्याचं रेकॉर्डिंग असतं, मग तो सरस ठरायला हवा. इथे एक गोम आहे. एमपी३ फाइल बनवताना माणसाच्या कानाला जाणवणार नाही असा भाग गाळला जातो. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. त्याच कुळातल्या कोयोटसाठी ती किंकाळी वरच्या बाजूने छाटलेली असणार. शिवाय तीच ध्वनिफीत पुन्हापुन्हा वाजते. खरा ससा दोनदा तंतोतंत सारखा ओरडत नाही.

तरीही स्पीकर जिंकतो, आणि माझ्या मते तो आवाजापेक्षा जागेमुळे. कोयोट आवाजाची जागा हेरतो आणि बहुतेकदा सरळ न येता वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे वास त्याच्या नाकाकडे येतो. पिपाणी वाजवणारा माणूस आणि आवाज एकाच ठिकाणी असतात. आधी डोळे तिकडे, मग नाक. हात जरा हलला की खेळ संपला. स्पीकर तीस-चाळीस मीटर लांब, वाऱ्याची दिशा पाहून ठेवला तर कोयोटचं सगळं लक्ष रिकाम्या झुडपाकडे लागतं.

सुटलेला कोयोट मात्र शिकतो. एकदा फसला की तो आवाज त्याच्यासाठी धोक्याची खूण होतो, मग एकाच परिसरात सगळ्यांनी तेच लोकप्रिय रेकॉर्डिंग वाजवणं अंगाशी येतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा वाद उद्भवतच नाही. पण कोल्हेकुईचं रेकॉर्डिंग वाजवून, उत्तर देणाऱ्या कोल्ह्यांवरून त्यांच्या संख्येचा अंदाज घेण्याची पद्धत संशोधक वापरतात. अमेरिकेत बदकं, हंस अशा स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत रेकॉर्ड केलेला आवाज वापरायला एरवी बंदी आहे. कोयोटच्या बाबतीत बहुतेक राज्यांत दोन्ही चालतं.

म्हणूनच अनेक मुरलेले शिकारी स्पीकर लांब ठेवतात आणि पिपाणीही गळ्यात अडकवतात. कोयोट शंभरेक मीटरवर येऊन थबकला, तर स्पीकर बंद करून हाताच्या मागच्या बाजूला ओठ लावतात आणि उंदरासारखं हलकेच चूंचूं करतात.